मागं जाणारी गाडी

मोटारसायकलला मागं जायचा गिअर नसतो, आणि लागतही नाही. दोन्ही पाय टेकून रेटा दिला की शंभर-सव्वाशे किलोचं वजन मुकाट्यानं मागं सरतं. पण तेच इंजिन काढून चार चाकांच्या गाडीत घातलं, की पाय टेकायची सोय गेली. गाडी पुढं जाईल, मागं न्यायची तर खाली उतरायचं आणि पुढून ढकलायचं.

आमची गाडी अशीच. २०२१ च्या अखेरीला आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून केलेली, किक मारून चालू होणारी गाडी देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. तेव्हापासून माझ्या पुतण्याच्या डोक्यात गाडी शिरली ती निघाली नाही. शंभर सीसीचं जुनं इंजिन, चौकोनी पाइपांची चौकट, स्कूटरची दहा इंची चाकं आणि मागं वैरणीपुरता हौदा. इंजिनाची चेन मधल्या शाफ्टवर आणि तिथनं दुसरी चेन मागच्या धुऱ्यावर. रिकामी गाडी सव्वादोनशे किलोच्या आतबाहेर भरते. ती डांबरी रस्त्याला लागत नाही. नोंदणी नसलेलं वाहन रस्त्यावर आणायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून घर ते रान आणि रान ते गोठा एवढंच तिचं जग. वस्तीही रानातच असल्यामुळं तेवढं पुरतं.

अडचण होती विहिरीजवळ. आमची विहीर जुनी, दगडी, आणि एका बाजूनं कठडा नसलेली. कडवळाचं रान तिच्या पलीकडं. वैरण भरायला गाडी आत न्यायची तर वाट विहिरीपाशीच संपते. दोन्ही बाजूंना ऊस, वळायला जागा नाही. मग आमची कारभारीण आणि मी पुढून गाडी ढकलणार. पुढून ढकलायचं म्हणजे पाठ विहिरीकडं. वैरण भरलेली गाडी चारशे किलोच्या वर जाते. पावसाळ्यात पाय सरकतो. एका श्रावणात कारभारणीचा पाय असाच गेला. गाडीचा बंपर हातात होता म्हणून ती बसली तिथंच थांबली. विहिरीचा काठ तिच्यामागं तीन हात होता. संध्याकाळी ती पुतण्याला एवढंच म्हणाली, "पोरा, एक तर हिला मागं जायला शिकव, न्हाईतर बैलगाडी बरी. बैल निदान माग-माग म्हटल्यावर ऐकत तरी हुता."

पुतण्या कामाला लागला. मोबाईलवर त्यानं कायकाय शोधून मला वाचून दाखवलं. परदेशात सुटे भाग आणून लोक घरी हलक्या गाड्या जुळवतात, त्यांना किट कार म्हणतात. त्यातही मोटारसायकलचं इंजिन घातलं की हीच रड. जर्मनीत १९५५ साली निघालेल्या मेसरश्मिट केआर २०० या तीन चाकी गाडीनं वेगळाच मार्ग काढला होता. तिचं टू-स्ट्रोक इंजिन बंद करायचं आणि उलटं फिरवून चालू करायचं, म्हणजे सगळेच गिअर मागं जायला मिळत. आमचं फोर-स्ट्रोक इंजिन तसं उलटं चालत नाही. होंडाची गोल्डविंग ही साडेतीनशे किलोहून जड मोटारसायकल. तिला १९८८ च्या मॉडेलपासून इंजिन चालू करायच्या सेल्फ मोटरीवरच मागं जायची सोय दिली. हे ऐकून पुतण्या म्हणाला, "तात्या, आपलं बी हेच."

पण आधी त्यानं स्वस्तातला मार्ग धरला. इलेक्ट्रिक सायकलची छोटी मोटर आणली आणि चेनीनं धुऱ्याला जोडली. पुढं जाताना मोटर ओढली जाऊ नये म्हणून मधे सायकलचं फ्रीव्हील घातलं. गाडी झकास मागं आली, आणि पुढं काढल्याबरोबर चेन तुटली. फ्रीव्हील एकाच बाजूला सुटं असतं. सायकलचं चाक पुढंच फिरतं, म्हणून तिथं ते भागतं. आमचा धुरा दोन्हीकडं फिरणार. मागं जाताना जे फ्रीव्हील धुऱ्याला पकडतं, तेच गाडी पुढं निघाली की मोटरीलाही पुढं फरपटत नेतं. म्हणजे मोटर धुऱ्यापासून पुरती सुटली पाहिजे. ती करामत कारच्या सेल्फमध्ये मुळातच आहे. करंट आला की सोलेनॉइड छोट्या पिनियनला पुढं ढकलतो, ती रिंगच्या दातांत बसते, आणि करंट गेला की स्प्रिंगनं मागं येते.

भंगारातनं जुन्या कारचा सेल्फ आणि फ्लायव्हीलची रिंग आणली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फ्लँज करून घेतली आणि रिंग मधल्या शाफ्टवर बसवली. धुऱ्यावर बसवली असती तर गाडी पळतच मागं गेली असती. मधल्या शाफ्टच्या तीन फेऱ्यांत धुऱ्याची एक होते, म्हणून वेग माणसाच्या चालीचा झाला. सेल्फ एकाच दिशेला फिरतो. पण तो रिंगच्या डाव्या अंगानं बसवला की शाफ्ट एकीकडं फिरतो, उजव्या अंगानं बसवला की दुसरीकडं. तारा बदलायची गरज नाही, बाजू बदलायची. रिंगच्या दातांची कड एका बाजूनं घासलेली असते, पिनियन सहज आत शिरावी म्हणून. ती बाजूही त्याप्रमाणं फिरवावी लागली. मोटारसायकलच्या बॅटरीला एवढा करंट झेपत नाही, म्हणून कारची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली. ती घरी चार्ज करायची. सगळं मिळून पंधरा-सोळा किलो वजन वाढलं.

गिअरमध्ये असताना कुणी बटण दाबलं तर इंजिन पुढं ओढणार, सेल्फ मागं, आणि दात मोडणार. त्यावर पुतण्यानं न्यूट्रलचा हिरवा दिवा लावणारी तार वापरली. गाडी न्यूट्रलला असेल तरच रिलेला अर्थिंग मिळतं. गिअर पडलेला असला तर बटण दाबून काही होत नाही.

मला वाटलं, झालं सगळं. मग रात्री विहिरीवरची मोटर बंद करताना डोक्यात आलं. मोटरीच्या स्टार्टरचे पॉइंट कधी कधी चिकटतात. लाल बटण दाबलं तरी मोटर चालूच. मग पळत जाऊन मेन स्विच ओढायचा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. सकाळी पुतण्याला विचारलं, "बटण सोडलं आणि ही थांबली न्हाई तर?"

"थांबती की तात्या."

"आन न्हाई थांबली तर?"

तो गप्प झाला. त्यानं मागची चाकं दगडांवर उचलून ठेवली आणि दिवसभर बटण दाबून सोडून बघितलं. तिसऱ्या प्रहरी सोलेनॉइडचे पॉइंट चिकटलेच. बटणावरनं हात काढला तरी चाकं फिरतच राहिली. बॅटरीची तार उपटली तेव्हा थांबली. हीच गोष्ट गाडी जमिनीवर असताना आणि मागं कारभारीण उभी असताना झाली असती तर काय, हे आम्ही एकमेकांना बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नवा सोलेनॉइड आला आणि ट्रकला असतो तसला बॅटरीचा मेन स्विच सीटच्या डाव्या हाताशी बसला. मागं जाताना बझर वाजतो. एका वेळी दहा सेकंदच चालवायची, मग मिनिटभर थांबायचं. सेल्फ सतत चालायला केलेला नसतो, त्यात थंड व्हायची सोय नाही. दहा सेकंदांत भरली गाडी पस्तीस-चाळीस फूट मागं येते. विहिरीपासून उसाच्या बेवडापर्यंत दोन दमांत.

आता गावातली पोरं गाडी बघायला येतात. मोटर कितीची, रिंग कुठं मिळाली, हे विचारतात. पुतण्या सगळं सांगतो. मी त्यांना आधी सीटच्या डाव्या हाताचा स्विच दाखवतो. मागं न्यायची मोटर कुणीबी बसवील, ती थांबवायची सोय आधी करा, असं सांगतो. काही हसतात. ज्यांच्या रानात विहीर आहे ते हसत नाहीत.

वैरण आणायला हल्ली कारभारीण एकटीच जाते. मला सोबत नेत नाही.