गाडी वर, माणूस खाली

'गॅरेज' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. इंग्रजी सिनेमात गॅरेज म्हणजे बंगल्याला चिकटलेली, गाडी ठेवायची खोली. साहेब बटण दाबतो, शटर वर जातं, गाडी आत. आपल्याकडे गॅरेज म्हणजे काळे हात, ग्रीसचा वास आणि "भाऊ, सायंकाळपर्यंत होते ना?" असं विचारणारे गिऱ्हाईक. आमच्या घरी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मूलला आमचं घर आहे. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढे अंगण, अंगणावर टिनाचं शेड आणि शेडखाली बाबांचं गॅरेज. आईची तुळस आणि बाबांचा वाइस यांच्यात जेमतेम चार फुटांचं अंतर. होस्टेलवरचे मित्र मला 'घरगुती मेकॅनिकल इंजिनीअर' म्हणतात ते यामुळेच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी जाहीर केलं, की आता लिफ्ट घ्यायची. म्हणजे माणसं चढतात ती नाही, गाडी उचलायची. आणि कोणती घ्यायची हे मी सांगायचं. "मेकॅनिकल शिकून राहिला ना तू? मंग सांग." तीन वर्षांत एवढी अवघड व्हायवा कोणी घेतली नव्हती!

आधी हे सांगायला हवं, की लिफ्टची गरज का पडली. आमच्याकडे येणाऱ्या गाड्या शहरातल्या नाहीत. सावली, गडचिरोली, धानोरा, कधी पार एटापल्ली-भामरागडकडून आलेली बोलेरो, सवाऱ्या वाहून वाहून कंबर मोडलेली जुनी कमांडर, ताडोब्याच्या बाजूची एखादी जिप्सी, शाळेची मुलं नेणारी ओम्नी. या गाड्यांचं इंजिन फारसं कुरकुरत नाही. मरतं ते खालचं सामान. कमानीचे पाटे तुटतात, बुश झिजतात, शॉकअप गळतात, सायलेन्सर लोंबतो. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक २०२१ नंतर वाढले तेव्हापासून त्या बाजूने येणाऱ्या गाड्यांच्या पोटाची अवस्था बघवत नाही. म्हणजे बाबांचं सत्तर टक्के काम गाडीच्या खाली. आणि बाबांचं वय बावन्न.

गाडीखाली जायचा आमचा मार्ग म्हणजे खड्डा. गॅरेजवाल्यांचा खड्डा सगळ्यांनी पाहिला असेल: लांबट, विटांनी बांधलेला, माणूस उभा राहील एवढा. उन्हाळ्यात झकास. पण मूल म्हणजे धानाचा मुलूख. जुलैत बांध्या भरल्या, तळी भरली की जमिनीतलं पाणी वर येतं आणि आमचा खड्डा विहीर होतो. डिझेलचं इंजिन लावून उपसला की रात्रीतून पुन्हा गुडघाभर. पाणी ओसरलं की पाहुणे येतात. एका सप्टेंबरात मण्यार निघाली होती. बाबा तेव्हापासून खड्ड्यात उतरण्याआधी काठी आपटतात. त्यात आणखी एक धोका आहे जो दिसत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, एलपीजीसुद्धा जड. गॅसकिटची ओम्नी खड्ड्यावर उभी असेल आणि कुठे थोडी गळती असेल तर तो वायू निमूटपणे खड्ड्यात उतरून बसतो, आणि आपण हातात बल्ब घेऊन त्याच्या मागोमाग उतरतो!

त्यामुळे पावसाळ्यात काम चालायचं जॅकवर. गाडी जॅकने उचलायची, चॅसीखाली लाकडी ठोकळे लावायचे आणि पाठीवर सरकत आत जायचं. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडचा पोट्टा असाच एका बोलेरोखाली होता. ओल्या मुरमात जॅकचा पाया एका बाजूने रुतला. आवाज झाला नाही, झटकाही नाही. गाडी फक्त हळूच कलली आणि ठोकळ्यावर टेकली. ठोकळा होता म्हणून. पोट्टा बाहेर आला आणि हसला. बाबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. लिफ्टचा विषय त्या रात्री निघाला, सुट्टीपर्यंत पिकत राहिला.

आता निवडीकडे वळू. बाजारात मुख्यतः तीन जाती. पहिली चार खांबांची. गाडी दोन पट्ट्यांवर चढवायची, ती आपल्या चाकांवरच उभी राहते आणि पट्टे वर जातात. सगळ्यांत निर्धास्त प्रकार. पण चाकं पट्ट्यावरच टेकलेली राहिल्यामुळे कमान, ब्रेक, शॉकअप यांचं काम करायला वर पुन्हा वेगळा जॅक लागतो. आमचं तर सगळं कामच ते. शिवाय अर्धं अंगण जाणार. तुळशीचं काय, हा प्रश्न आईने दारातून विचारला आणि चार खांब तिथेच आडवे झाले. दुसरी कात्री लिफ्ट. जागा कमी, खोदकाम कमी, किंमतही बरी. पण लहानशी घेतली तर गाडी कमरेइतकीच वर येते आणि गिअरबॉक्स उतरवायचा तिथे नेमकी कात्री आडवी येते. तिसरी दोन खांबांची. दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात येतात, चॅसीला खालून धरतात आणि चाकं मोकळी लोंबतात. आम्हाला हवं ते हेच.

(मध्येच एक गंमत. गाडी उचलायच्या हायड्रॉलिक लिफ्टची कल्पना अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकला १९२५ च्या सुमारास सुचली, ती न्हाव्याची खुर्ची पाहून! पाय मारला की गिऱ्हाईक वर, दांडा दाबला की खाली. आपण इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून फक्त वर्तमानपत्र वाचलं.)

दोन खांबांची म्हटल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बोलेरो साधारण १७०० किलो धरली. ती १.८ मीटर उचलायची तर काम होतं सुमारे ३० किलोज्यूल. ५० सेकंदांत उचलायची तर ६०० वॅट पुरतात. पण लिफ्ट चार टनांची, शिवाय पंप आणि घर्षणाचं नुकसान, म्हणून २.२ किलोवॅटची म्हणजे तीन हॉर्सपॉवरची मोटर येते. एका युनिटमध्ये गाडी पंचवीस-तीस वेळा वर जाईल. बाबांना वाटत होतं बिल फुटेल. हा आकडा ऐकून ते इतके खूश झाले की तेव्हाच हो म्हणून टाकणार होते.

पण खरी भानगड खाली होती, जमिनीत. कोटेशन देणारे विक्रेते मोटर, पंप, रंग, गॅरंटी यांवर भरभरून बोलतात. फरशीबद्दल एक वाक्य: "काँक्रीट चांगलं पाहिजे." चांगलं म्हणजे किती? मी पहिल्या वर्षीचं अप्लाइड मेकॅनिक्स आठवलं. एका खांबावर अर्धी गाडी, ८५० किलो. पण हे वजन खांबावर नाही, हाताच्या टोकावर आहे. खांबाच्या तळपट्टीची आतली कड म्हणजे बिजागरी समजा. वजन तिच्यापासून ७० सेंटिमीटर आत, आणि खांबाला मागून धरून ठेवणारे बोल्ट तिच्यापासून ४० सेंटिमीटर मागे. मुलांची ढेकुळी (सी-सॉ हो!) असते तसंच. ८५० गुणिले ७०, भागिले ४०. उत्तर जवळपास दीड टन. म्हणजे गाडी ८५० किलोने खाली दाबत असताना मागचे बोल्ट दीड टनाच्या ओढीने जमिनीतून वर उपटले जात असतात! खांबाचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं, पण लिफ्ट पूर्ण भरली तर हाच आकडा आणखी वाढतो. आणि काँक्रीट दाब सोसतं, ओढ सोसत नाही. पातळ फरशीतून असा बोल्ट एकटा निघत नाही, भोवतालचा काँक्रीटचा कोन घेऊन निघतो.

आमच्या अंगणात काय होतं? मुरूम, त्यावर तीन इंच कोबा. मी बाबांना वहीतली आकृती दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मले तुया हिशोब नाई समजत. पण बोल्ट निंघाला नाई पायजे." एवढी नेमकी डिझाइन कंडिशन आमच्या कुठल्या पुस्तकात नाही.

मग कोबा फोडला. बारा फूट बाय सहा फूट, दहा इंच जाड, खाली-वर सळईची जाळी, एम-२५ चं मिश्रण. आमची जमीन त्या मानाने बरी. माझा एक वर्गमित्र वरोऱ्याचा. त्याच्या काकांकडे काळी कापसाची माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिथे फरशीच हलते, त्यांना आधी माती काढून मुरमाचा भराव करावा लागला. लिफ्ट निवडण्याआधी जमीन निवडावी असं माझं ठाम मत झालं आहे, आणि विक्रेत्याने जमिनीबद्दल तुम्हाला उलट प्रश्न विचारले नाहीत तर त्याच्याकडून घेऊ नये हेही.

छपराचाही हिशोब लागला. बोलेरो वर कॅरिअर धरून दोन मीटर उंच, ती १.८ मीटर वर गेली की झाले ३.८, म्हणजे साडेबारा फूट. आमचं शेड कडेला अकरा फूट, मधल्या आढ्याखाली साडेतेरा. म्हणून लिफ्ट बरोबर आढ्याखाली, आणि दोन्ही खांब जोडणारा आडवा पाइप वरून न जाता जमिनीवरून जाणारा प्रकार. तेलही मी विचारून घेतलं. थंड देशात ३२ नंबरचं हायड्रॉलिक तेल चालतं. चंद्रपुरात पारा ४७ च्या वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका, तिथे ते पाण्यासारखं पातळ होणार. आम्ही ४६ नंबरचं सांगितलं.

आणि मग बाबांनी तो प्रश्न विचारला, जो मला सुचायला हवा होता असं कुणीही म्हणेल, पण तो त्यांनाच सुचू शकत होता. "गाडी वर हाय, अन् लाइन गेली. त खाली कशी आणाची?"

मी आत्मविश्वासाने सांगितलं की खाली यायला वीज लागतच नाही, वॉल्व्ह उघडला की गाडी आपल्या वजनाने उतरते. विक्रेत्याला फोन लावल्यावर पूर्ण चित्र कळलं. गाडी वर नेल्यावर तिला तेलाच्या भरवशावर ठेवायचं नसतं. थोडी खाली सोडून लोखंडी लॉकच्या दातांवर बसवायची, म्हणजे होज फुटला तरी गाडी जागची हलत नाही. खाली माणूस उभा असताना हा नियम मोडायचाच नाही. पण लॉकवर बसलेली गाडी उतरवायची तर आधी ती दोन बोटं वर उचलावी लागते, तेव्हाच लॉक सुटतो. आणि वर उचलायला वीज लागते! म्हणजे लाइन गेली की गाडी सुरक्षित आहे, पण अडकलेली आहे.

हसू नका. २००५ ते २००८ च्या लोडशेडिंगमध्ये बाबांनी याच शेडमध्ये कंदील लावून क्लचप्लेटी बदलल्या आहेत. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, धूर आपला, राख आपली. तरी जूनमधल्या वादळात एक झाड तारेवर पडलं की रात्र अंधारात जाते. आणि आमच्याकडे येणारी बोलेरो ही कुणाची हौसेची गाडी नसते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. पूर उतरताच पहिली निघते ती अशीच गाडी, बहुतेक वेळा आत बाळंतीण किंवा तापाने फणफणलेलं पोर घेऊन. ती गाडी आमच्या अंगणात सहा फुटांवर टांगलेली राहिली तर तिच्या मालकाला काय सांगायचं? "बोल्ट मजबूत आहे भाऊ" असं?

म्हणून आमच्या यादीत पहिल्या नंबरला आला पॉवरपॅकवरचा हातपंप. दांडा मारून मारून गाडी दोन बोटं उचलायची, लॉक सोडायचे, वॉल्व्ह उघडायचा. दुसरं, लॉक तारेने ओढून सुटणारे हवेत. विजेवर सुटणारे नकोत. तीन कोटेशनांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चकचकीत, दोन्ही इथेच गळाले. उरलेली दीड लाखाच्या वरची होती. पैशाचं थोडक्यात सांगतो: काही आईच्या भिशीचे, काही बाबांचे, बाकी मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातलं कर्ज. माझी फी भरायची तारीख आणि पहिला हप्ता एकाच महिन्यात आले आणि तो महिना घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही.

काँक्रीट टाकल्यावर विक्रेत्याचा माणूस दहाव्या दिवशीच बोल्ट मारायला तयार होता. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ ते गोणपाट ओलं करायचे, आणि आईने तुळशीला पाणी घालताना एक तांब्या तिकडेही टाकायचा, असा ठरावच झाला होता.

पहिली गाडी चढवली ती ओळखीच्यांची रिकामी बोलेरो. मागे धानाची पोती असतील तर आधी उतरवायची, नाहीतर तोल मागे जातो. रबरी पॅड चॅसीच्या पोलादालाच लागले पाहिजेत. हे सगळं बाबा आता पोट्ट्याला मास्तरसारखं शिकवतात. त्या दिवशी त्यांनी चाकं जमिनीपासून वीतभर उचलली, थांबवलं, आणि गाडीला दोन्ही हातांनी चांगलं हलवून पाहिलं. मग वर. मग लॉकवर. मग मेन स्विच मुद्दाम बंद करून हातपंपाने खाली. बावीस वेळा दांडा मारावा लागला, पोट्ट्याने मोजलं.

जुना खड्डा बुजवून तिथे आईला भाजीचा वाफा हवा होता. बाबा तयार नाहीत. ट्रॅक्टर लिफ्टवर चढत नाही आणि रोवणीच्या आधी ट्रॅक्टर येतातच. त्यावर सागाच्या फळ्या टाकल्या आहेत, आणि उन्हाळ्यात उतरताना काठी आपटायची पद्धत अजून चालू आहे.

- अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी