टाळ पुढं पळतोय

कुणाच्या पाया पडायची वेळ आली की माझी मान ताठ व्हायची. आमच्या घरात बुवा-महाराजांचा विषय चेष्टेपुरताच निघे. पुढं प्राध्यापकी केली, तिथंही संतवाङ्मय शिकवलं ते समाजाचा दस्तऐवज म्हणून. गुरूला शरण जाणं म्हणजे डोकं गहाण टाकणं, हे माझं ठाम मत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा तर ते आणखीच घट्ट झालं.

आज ते तितकं घट्ट राहिलेलं नाही. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. निवृत्तीनंतर वेळ जाईना, म्हणून गावच्या सप्ताहात टाळ घेऊन उभा राहू लागलो, एवढंच. आमचे विणेकरी चौथीपर्यंत शिकलेले शेतकरी. एका संध्याकाळी सगळ्या पोरांदेखत ते म्हणाले, “माऊली, तुमचा टाळ पुढं पळतोय. स्वतःचा ऐकू नका, पखवाज ऐका.” माझे कान तापले. उभी हयात दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल रेघा मारलेला मी! दुसऱ्या दिवशी देवळाकडं फिरकलोच नाही. पण घरी बसून कितीही युक्तिवाद केले तरी टाळ पुढं पळत होता, हे काही खोटं ठरेना. मग गेलो.

तिथं वीणेचा पहारा बदलताना जवळून पाहिला. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. सत्तरी ओलांडलेले आमचे विणेकरी बारावीतल्या पोरापुढं वाकले, धोतराचा सोगा सावरत, आणि मग भिंतीला टेकून तंबाखू मळत बसले. (व्यसन सुटलेलं नाही, ते स्वतःच सांगतात.) वाकण्यात लाचारीच असते, हे माझं गृहीतक तिथं डळमळलं.

नामदेवांची गोष्टही मी आता वेगळी वाचतो. तेरला गोरोबाकाका कुंभार थापटणं घेऊन संतांची डोकी तपासतात आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवतात. ज्याच्या हातचं प्रत्यक्ष विठ्ठल जेवतो, त्याला! नामदेव चिडतात, रडतात, देवाकडं तक्रार नेतात. देव समजूत काढत नाही. औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडं धाडतो. तिथं विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. ‘जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव’, असं ते सांगतात. नामदेव पाय उचलून फिरवतात, तर जिथं ठेवावेत तिथं पिंड. वर्गात मी ही गोष्ट गुरुमाहात्म्य वाढवण्यासाठी रचलेली म्हणून झटकून टाकायचो. पण यात गुरू ‘विश्वास ठेव’ असं कुठं म्हणतो? तो करून बघायला लावतो. शिवाय हेच विसोबा आधी ज्ञानेश्वरादी भावंडांचा छळ करत होते, असं परंपरा सांगते. म्हणजे नामदेवांना गुरू मिळाला तोही स्वतः एकदा हरलेला, वाकलेला. मला अशा गुरूचा भरवसा वाटतो. कधीच न चुकलेल्या महाराजांचा अजूनही वाटत नाही.

जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता आणि आहे तो नीट वापरला जावा, या मतात तसूभरही फरक नाही. विणेकऱ्यांनाही मी बी-बियाण्याबद्दल विचारतो, आजारपणात मात्र डॉक्टरकडंच जातो. भरवसा टाकायचा तो माणूस ज्यात मुरलेला आहे तेवढ्यापुरता, हे माझं पथ्य. पण तेवढ्यापुरता का होईना, टाकायचा तर हातचं राखून टाकता येत नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

तुमच्या गावातही असं कुणी असेल. त्याच्यापुढं आपली पदवी थोडा वेळ बाजूला ठेवून बसा. त्यानं पैसे मागितले किंवा ‘घरी सांगू नका’ म्हटलं, तर मात्र त्याच पावली उठून या.