व्रण नाही, म्हणून सांगायचं नाही?

हृदयाला जन्मापासून असलेलं छिद्र छाती न उघडता बुजवता येतं. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन आत ‘छत्री’ बसवतात. निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांच्या दोन चकत्या पडद्याला दोन्ही बाजूंनी धरून बसतात. किंग आणि मिल्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९७०च्या दशकात ही वाट दाखवली. आज बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातात.

माझ्या भाचीचं छिद्र विसाव्या वर्षी कळलं. छत्री बसली आणि आपाला सगळ्यात मोठा दिलासा वाटला तो व्रण नसल्याचा. म्हणाली, “खूणच नाही, तर मुलाकडच्यांना सांगायचं कशाला?”

तिची भीती खोटी नाही. मुलाचं दुखणं लग्नानंतर बरं होईल म्हणतात. मुलीच्या दुखण्याने स्थळ मोडतं. पण व्रण नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. छत्री क्वचित जागेवरून सुटते. ठोके बिघडू शकतात. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून साधारण सहा महिने ॲस्पिरिनसारखी गोळी घ्यावी लागते. तेवढ्या काळात दात काढायचा झाला तरी आधी अँटिबायोटिक लागतं. सर्वांत गंभीर म्हणजे कडेच्या घर्षणाने हृदयाची भिंत झिजणं. हे हजारात एक ते तीन जणांना होतं. बहुधा सुरुवातीच्या दिवसांत, पण काहींना वर्षांनंतरही. अचानक छातीत दुखणं, धाप, भोवळ ही त्याची लक्षणं. तेव्हा हृदयाभोवती रक्त साठलंय का, हे इको करून ताबडतोब पाहावं लागतं.

मी आपाला एवढंच विचारलं, “रमजानमध्ये सासरी ती भोवळ येऊन पडली, तर घरचे काय म्हणतील? रोजा लागला म्हणतील. डॉक्टरला छत्रीचं सांगणार कोण?”

आपा बराच वेळ गप्प होती. भाचीच म्हणाली, “अम्मी, निकाहाआधी मीच सांगीन.” एका घराने नंतर नकार कळवला. आपाला वाईट वाटलं, मलाही वाटलं.

तरी सांगतो, लपवू नका. छत्रीचं कार्ड आणि फाइल मुलीसोबत सासरी जाऊ द्या. ते कुठे ठेवलंय, हे जावयालाही ठाऊक असू द्या.