मल्लाकडून मणीकडे

शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला 'पुराणकथेतील एक व्यक्तिरेखा' असा विषय मिळाला, तेव्हा सांगलीत शिकणाऱ्या आम्हा चौघांनी मल्ल हा दैत्य निवडला. निवडला म्हणजे काय, त्याचे नाव तेवढे ठाऊक होते. मल्हारी म्हणजे मल्लाचा अरी, खंडोबाने मारलेला तो मल्ल. बाकीचा राक्षस आम्ही संगणकावरच्या खेळांतून आणि परदेशी चित्रपटांतून उसना आणला. अडीच फुटांची आकृती, उगारलेला उजवा हात, वळलेली शिंगे आणि आ वासलेला जबडा. आमच्यातल्या एकाने दोन रात्री जागून एकेक दात स्वतंत्र घडवला. दात उत्तमच झाले होते, हे आजही मान्य केले पाहिजे.

तीन आठवडे शाडू लावून झाल्यावर आमच्याच मैत्रिणीने एके दिवशी विचारले, "हा ओरडतोय कोणावर?" आम्ही पाहिले. स्टुलावरचा आमचा मल्ल समोरच्या रिकाम्या भिंतीवर ओरडत होता.

ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, त्या गावात राहून हा प्रश्न आम्हाला आधीच पडायला हवा होता. त्या पौराणिक नाटकांतली राक्षसपार्टी 'अललडुर्र' करत रंगभूमीवर उडी घेई, आणि प्रेक्षकांना ते चाले, कारण देवपार्टी दुसऱ्या बाजूने येणारच असे. त्या आरोळीला उत्तर होते. शिल्पाला विंग नसते. एकट्या मूर्तीला स्वतःचे कारण स्वतःच्या अंगावर वागवावे लागते; आमच्या मूर्तीच्या अंगावर फक्त दात होते. नाटकातला राक्षस हा एक गट होता, व्यक्तिरेखा नव्हे. आणि आम्हाला विषय मात्र व्यक्तिरेखेचा दिलेला.

मग आम्ही उशिराने, म्हणजे सुरुवातीला जे करायचे ते शेवटी, कथा नीट ऐकायला निघालो. सातारा जिल्ह्यात उंब्रजजवळ तारळी नदीच्या काठी पाल आहे. पौषात तिथे खंडोबा आणि म्हाळसेचे लग्न लागते, तेव्हा भंडाऱ्याने माणसे पिवळी होतात. आम्ही गेलो तो दिवस मात्र आडवाराचा होता. देवळात निवांतपणा होता आणि बोलायला लोकांना सवड होती.

कथेचे पाठ अनेक आहेत. लोकांच्या तोंडी आम्ही जी ऐकली ती अशी : मणी आणि मल्ल हे दोघे भाऊ, दोघेही वरदानाने माजलेले, दोघांना एकाच देवाने रणात पाडले. मरताना दोघांनाही 'माग' म्हटले गेले. मणीने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्याजवळ राहू दे एवढे मागितले. मल्लाने तेव्हाही विध्वंसच मागितला, नरमांस मागितले. त्याचे मस्तक देवळाच्या पायरीशी आले, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली. पराभव सारखाच. फरक पडला तो मागण्यात. परतीच्या बसमध्ये कोणी फारसे बोलले नाही. मल्ल शेवटपर्यंत मल्लच राहतो, बदलतो तो मणी. आणि आम्ही नेमका न बदलणारा भाऊ घडवत बसलो होतो.

मूर्ती मोडायची की नाही यावर भांडण झाले. जमा करायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. दातवाला मित्र म्हणाला की नावाची पाटी बदला, मूर्ती राहू द्या. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते : माती भिजवून पुन्हा वापरता येते, पण आतला लोखंडी सांगाडा ठरल्या हालचालीसाठी बांधलेला असतो. उगारलेला हात खाली आणायचा तर सळई खांद्यापासून कापावी लागणार होती. आम्ही ती कापली. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो तार आणि पक्कड घेऊनच.

आता मागणारा माणूस दिसावा कसा? औंधच्या संग्रहालयात हेन्री मूरचे 'आई आणि मूल' आहे. ते पाहून आलेला विद्यार्थी आठवडाभर दिसेल त्या मूर्तीचे तपशील पुसत सुटतो. आम्हीही पूर्वी तो आठवडा भोगलेला होता, तेव्हा त्या वाटेने जायचे नव्हते. औंधने मदत केली ती वेगळ्याच बाजूने. संग्रहालय उभारणाऱ्या त्याच बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतींवाचून राहत आणि शेती करीत. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागची प्रेरणा हीच. आमची मैत्रीण आटपाडीची. तिच्या आजोबांनी लहानपणी ते कैदी पाहिले होते, आणि एवढेच सांगत की बाजारात उभे राहिल्यावर त्या माणसांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नसे.

तेच आम्ही घेतले. मणी गुडघ्यावर आला. शिंगे गेली, जबडा मिटला. डाव्या हातात लगामाचा तुकडा, सोडायचा आहे पण अजून न सुटलेला. उजवा हात मात्र जोडावा की टेकावा हे न ठरलेला, मांडीपासून दोन बोटे वर. त्या दोन बोटांच्या अंतरासाठी आम्ही आठ दिवस घालवले. घोडा घडवलाच नाही. दातवाल्या मित्राने या वेळी फक्त नखे केली.

साच्यात करंगळीजवळ हवेचे बुडबुडे राहिले, ते प्लास्टरमध्ये अजून दिसतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बराच वेळ पाहून घोड्याची चौकशी केली. गुण बरे पडले.

मूर्ती ठेवायला सांगलीत जागा नव्हती, म्हणून ती साताऱ्याला मित्राच्या घरी गेली. आम्ही ती जिन्याच्या तळाशी ठेवून हात झटकत होतो, तोच त्याची आई बाहेर आली. हा कोण, म्हणून विचारले. मणी, म्हटल्यावर ती म्हणाली, "मग इथे कशाला ठेवता रे? पायरीशी तो दुसरा असतो." आम्ही चौघांनी पुन्हा उचलून ती माजघरात, देवघराच्या कडेला नेली.