शस्त्रक्रियेपूर्वींची घटका

शस्त्रक्रियेची भीति हा विषय आपल्या घरांतून बहुधा टाळला जातो. ‘मन घट्ट करा’, ‘देवावर भार टाका’ इतकें सांगून आप्तेष्ट मोकळे होतात. १८४६ सालीं बोस्टन येथें मॉर्टन यांनीं ईथरचा जाहीर प्रयोग केला. पुढील वर्षीं एडिंबरो येथें सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म वापरांत आणिलें, आणि शस्त्राची वेदना माणसाच्या आटोक्यांत आली. परंतु भूल मिळेपर्यंत मन जागेंच असतें, व तेवढी घटका फार लांबते.

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठीं मला चाकांच्या खाटेवरून नेलें, तेव्हां छतावरील दिवे मोजण्यावांचून मला दुसरा उद्योग नव्हता. सुरीपेक्षां त्या मिटल्या दाराआड काय आहे, याचीच मला धास्ती अधिक होती.

या घटकेवर आतां एक नवा उपाय निघाला आहे. डोळ्यांवर चष्म्यासारखें यंत्र बांधतात. मान वळवावी तिकडे नवी सृष्टि दिसते आणि आपण तिच्या मध्यभागीं उभे आहोंत असा भास होतो. यास आभासी वास्तव म्हणतात. अमेरिकेंत सिएटल येथें हॉफमन व पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनीं भाजलेल्या रुग्णांसाठीं ‘स्नोवर्ल्ड’ नांवाचा हिमप्रदेश रचिला. इकडे जखमा धुतल्या जात असतां रुग्ण तिकडे बर्फाचे गोळे फेंकण्यांत गुंततो. वेदना जाणवण्यासही अवधान लागतें व अवधान मर्यादित असतें, हें त्यामागील तत्त्व होय.

दक्षिण कोरियांतील एका विद्यापीठाच्या रुग्णालयानें याच यंत्राचा निराळा उपयोग केला. तो प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. चार ते दहा वर्षांच्या ६९ मुलांपैकीं सुमारें निम्म्यांना, पोरोरो या त्यांच्या लाडक्या चित्रांतील पेंग्विनाबरोबर, शस्त्रक्रियागृहाची चार मिनिटांची सफर घडविली. त्या मुलांची भीति इतरांहून कमी आढळली, व भूल देतांना त्यांनीं विरोधही कमी केला.

पहिला उपाय मनाला दूर नेतो. दुसरा त्याला जावयाचें तेथेंच, पण आधीं आणि सोबतीनें नेतो. मला दुसऱ्याचें मोल अधिक वाटतें. यंत्र सर्वांना सोसत नाहीं. कोणास घेरी येते, कोणास मळमळ होते. पण त्यांतील मर्म यंत्रावांचूनही घरीं साधण्यासारखें आहे.

आपण मात्र नेमकें उलट वागतों. ‘फिरावयास जाऊं’ म्हणून मुलास फसवून रुग्णालयांत नेण्याची चाल अजून सुशिक्षित घरांतही आहे. आई दाराबाहेर राहिली कीं त्याच्या विश्वासास जो तडा जातो, तो कोणत्याही चष्म्यानें सांधत नाहीं. त्यापेक्षां आदल्या रात्रीं त्याला जवळ घेऊन सांगावें: ‘बाळ, उद्यां तुझ्या तोंडावर वाटीसारखें कांहींसें ठेवतील, तुला झोंप येईल. उठलास कीं थोडें दुखेल, पण मी जवळच असेन.’ आणि मग तेवढें वचन मात्र पाळावें.