उजाड मुलूख आणि सरकारी आकडे

युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा करण्याचे काम कोणत्याही सरकारने अंगावर घेतले, की थोड्याच काळात प्रगतीचे अहवाल निघू लागतात. अमेरिकन सरकारने २००१ नंतर वीस वर्षांत अफगाणिस्तानच्या पुनर्घटनेवर सुमारे १४५ अब्ज डॉलर खर्च केले. शाळा किती, रस्ते किती, शिपाई किती, हे वेळोवेळी प्रसिद्ध होत होते. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती सारी राज्यव्यवस्था काही दिवसांत कोसळली. आमचे एक स्नेही, ज्यांची हयात बांधकाम खात्यात गेली, ते म्हणतात की आकडे खरे होते, दैव आड आले. आमचे मत निराळे आहे, व त्यास आधार काबूलचा नसून आमच्या नीरेचा आहे.

शिरवळास नीरेच्या काठी उभे राहिले असता जो मुलूख दिसतो, त्याची १८०२ पासून सोळा वर्षांत दुर्दशा झाली. होळकरांची स्वारी, १८०३-०४ चा दुष्काळ, दुसऱ्या बाजीरावाचे मामलतींचे मक्ते व अखेर १८१७-१८ चे युद्ध. १८१९ च्या तहाने नीरेच्या दक्षिणेस छत्रपती प्रतापसिंहांचे राज्य राहिले. उत्तरेस, भोरकर सचिवांची जहागीर वगळता, बहुतेक कंपनीचा अंमल आला. एल्फिन्स्टनने मक्ते बंद केले, पेंढाऱ्यांचे भय नाहीसे झाले, पडीत जमिनी लागवडीस आल्या. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु फौजा गेल्या तसा धान्याचा गिऱ्हाईकही गेला. भाव उतरले आणि सारा मात्र रोख द्यावयाचा. अशा वेळी प्रिंगलसाहेबांनी जमिनीची पाहणी केली. उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरेल, त्याचे शेकडा ५५ सरकारचे, हे त्यांचे सूत्र. साहेब अप्रामाणिक नव्हते. तक्ते तर पाहत राहावेत असे! मात्र मोजणी चुकीची आणि हाताखालचे लोक लाचखाऊ. १८३० मध्ये नवा आकार लागू झाला, आणि पुष्कळ कुळे शेते टाकून शेजारच्या संस्थानी मुलखात गेली. लढाईने जे घर सोडावयास लाविले नाही, ते तक्त्याने लाविले.

आम्ही शाळाखात्यात होतो, म्हणून यात आम्हांस नवल वाटत नाही. तपासनीस यावयाच्या दिवशी पटावरचे प्रत्येक मूल हजर असते. दुसऱ्या दिवशी वर्गात जावे आणि मोजावे.

स्नेही येथे विंगेट व गोल्डस्मिड यांचे नाव घेतात, व ते योग्यच आहे. त्यांनी १८३६ मध्ये याच नीरेच्या खालच्या अंगास, इंदापुरास, सारा कमी करून तीस वर्षांकरिता कायम केला. पडीत रान पुन्हा नांगराखाली आले. पुढे सरकार लागवडीखालील बिघ्यांचा हाच आकडा भरभराटीचा पुरावा म्हणून दाखवू लागले. बिघे खरेच वाढले होते. ते कोणाकडे गहाण पडले आहेत, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. तीस वर्षे भरताच फेरपाहणीत सारा चढला. तेव्हा पुणे सार्वजनिक सभेने स्वतः चौकशी करून १८७३ साली आपला अहवाल काढला. सरकारचा दावा तपासावयास प्रजेने आपली वही उघडली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. आमच्या मते अफगाण रयतेस अशी वही ठेवू देणारा कोणी भेटला नाही, हेच तिकडचे मोठे वैगुण्य.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पुढे हे लोण गावोगाव पसरले. लोक मागत होते खते व हिशेबाच्या वह्या, आणि हाती आल्या त्या जाळीत होते. 'पण सरकारने कायदा केला ना?' असे स्नेही विचारतात. केला, दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा १८७९ सालचा. लढाई संपून तोवर एकसष्ट वर्षे झाली होती.