खोटा फोन

वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांच्या पिण्याला वेळकाळ उरला नाही. चाळीत सगळे म्हणायचे, संपाने माणूस घालवला. मला ते पुरतं पटत नाही. त्याच संपात आमच्या मजल्यावरचे लोक भाजी विकून, गावी भात लावून तगले. वडील संपाआधीही प्यायचे, आणि कणकवलीकडे आजोबाही.

आई झाकायची. खात्यात निरोप जायचा, ‘ह्यांना ताप आहे.’ गुत्त्याची उधारी ती गुपचूप फेडायची. पोटात पाणी होऊन वडील गेले, तेव्हाही शेजारी ‘कावीळ’ म्हणूनच सांगितलं.

मी प्यायला लागलो तेव्हा मला चढायचीच नाही. मित्र आडवे झाले की त्यांना टॅक्सीत घालायचं काम माझं, आणि त्याचा मला केवढा ताठा! पुढे डॉक्टरांनी सांगितलं की दारुड्याच्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं आणि तोच धोक्याचा इशारा असतो. न चढणारा माणूस थांबत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या आजारात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक मानतात. उरलेल्या निम्म्यात आमच्या घरची ही झाकपाकही धरायला हवी, असं मला वाटतं.

कारण लग्नानंतर बायकोही तेच करू लागली. सोमवारी सकाळी माझे हात कापायचे आणि ती ऑफिसला फोन लावायची, ‘ह्यांना बरं नाही.’ मग कुणीतरी तिला अल-अनॉनच्या मीटिंगला नेलं. व्यसनी माणसांच्या घरच्यांची ही संघटना. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बिल विल्सनची बायको लोइस हिने एका मैत्रिणीसोबत ती १९५१ साली उभी केली. तिथे बायको काय शिकली हे मला लवकरच कळलं. तिने नेहमीप्रमाणे फोन लावला, रिंग वाजू दिली आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“तुम्हीच सांगा काय झालंय ते.”

मी तोंडाला येईल ते बोललो. ती भांडली नाही. उधारी फेडली नाही, की मी जिन्यात पडलो तर शेजारी कळू नये म्हणून धावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, “उपचाराला जाणार असाल तर बॅग भरते. बाकी काही मी आता सांभाळणार नाही.” हिला माझी पर्वाच नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलो.

बॅग तिनेच भरली. पुण्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा आधार लाभलेलं. पस्तीस दिवस राहायचं. सुरुवातीच्या रात्री अंगावर किडे चालल्यासारखं व्हायचं, चमचा तोंडापर्यंत जायचा नाही. गटात बसून बोलणं त्याहून अवघड. मी वडिलांबद्दल तासभर बोलू शकत होतो, स्वतःबद्दल दोन वाक्यंही नाही.

पुढे एका गणपतीत गावी मी घसरलो. बायकोने सासरच्या भरल्या घरात सांगितलं, “हे प्यायलेत, आम्ही उद्या पुण्याला चाललो.” आजी, काकू, सगळ्या गप्प. आमच्या घरात हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. त्यानंतर मी प्यायलेलो नाही.

आईचंही वडिलांवर प्रेमच होतं. त्या काळी चाळीतल्या बाईला दुसरं काही करता येतं हे सांगणारं कोण होतं? पण त्या प्रेमाने वडील वाचले नाहीत, हे खरं. आमच्या मुलाला आम्ही आजोबा, पणजोबा आणि बाप असं सगळं सांगून ठेवलंय.

तुमच्या घरीही असा सोमवार येत असेल तर खोटा फोन करू नका, त्यालाच बोलू द्या. मात्र रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. आकडी येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर गाठा.